शनिवार-रविवारचा डाव: घरच्यांबरोबर बोर्ड गेम खेळायला बसताना

पहिल्यांदा मी घरच्यांना मोठ्या बोर्ड गेमला बसवलं तेव्हा नियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचत सुटले. सहाव्या पानावर भाच्याने लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला घेतला. नवव्या पानावर बाबा ‘आलोच’ म्हणून उठले, ते आलेच नाहीत. माझं वाचून संपलं तेव्हा समोर एकटी बहीण उरली होती. ती म्हणाली, ‘बरं, पण करायचं काय?’ मांडलेला डाव तसाच गुंडाळला.

त्यानंतर बरेच शनिवार-रविवार खेळण्यात गेले आणि एक गोष्ट पक्की कळली. घरच्या खेळात माणसं हरण्याला फारशी कंटाळत नाहीत, ताटकळण्याला कंटाळतात. नियम संपायची वाट, आपली पाळी येण्याची वाट, बाद झाल्यावर इतरांचं संपायची वाट. त्यामुळे जो डाव मांडतो त्याने स्वतःच्या जिंकण्याचा विचार पहिल्या दिवशी बाजूला ठेवावा आणि कुणी रिकामं बसत नाही ना, एवढं बघावं.

आधी माणसं मोजा

खोक्यावर तीन आकडे छापलेले असतात: किती जणांसाठी, किती वयापासून, किती मिनिटांचा. पहिला आकडा काटेकोर पाळा. ‘कटान’ या बेटावर वस्ती वसवायच्या खेळाचा मूळ खोका ३ ते ४ जणांचा आहे. पाचवा माणूस आला तर ‘कुणीतरी जोडीने खेळा’ असं म्हणून वेळ मारून नेता येते, पण जोडीतला एक जण हळूच मोबाइल काढतो. दुसरा आकडा सैल धरला तरी चालतो. खेळांची सवय असलेलं सात वर्षांचं मूल ८+ चा खेळ सहज खेळतं. तिसऱ्या आकड्यावर मात्र पहिल्या वेळी अजिबात विश्वास ठेवू नका. तो आकडा नियम माहीत असलेल्यांसाठी असतो. नवख्यांनी दुप्पट वेळ धरावा.

आता निवड. दोन खेळ ठरवा: एक वीसेक मिनिटांत संपणारा आणि एक तासाभराचा. छोटा आधी. सगळे जमेपर्यंत, हात-तोंड धुऊन बसेपर्यंत छोटा खेळ चालू करता येतो आणि उशिरा येणाऱ्यासाठी कुणी खोळंबत नाही.

तीन ते पाच जण असतील आणि कुणालाच सवय नसेल, तर तासाभराच्या खेळासाठी माझं मत ‘टिकट टू राइड’ला. ॲलन मून यांचा हा खेळ २००४ मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो आणि तो घरगुती, सहज शिकता येणाऱ्या खेळांना मिळतो. खोक्यावर त्याचं लाल सोंगटीचं चिन्ह दिसलं की नवख्याने बिनधास्त उचलावा. दोघंच असाल तर ‘कारकासोन’ उत्तम: पालथ्या चौकोनी फरशा, एकेक उचलून जोडत जायची, शहरं आणि रस्ते तयार होतात. पहिल्या डावात त्यातला शेतकऱ्यांचा नियम सरळ गाळा. गुण मोजायला तो सगळ्यात किचकट आहे आणि त्याच्यावाचून खेळाचं काही अडत नाही.

घरात आजी-आजोबा आणि लहान मुलं दोन्ही असतील तर ‘दीक्षित’सारखा चित्रांचा खेळ घ्या. नाव तेवढं आपल्या ओळखीचं, खेळ फ्रान्सचा. त्यात वाचायचं काहीच नसतं. एकाने हातातल्या चित्रावरून एखादं वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी त्या वाक्याला जुळेल असं आपल्याकडचं चित्र पालथं द्यायचं, मग सगळी चित्रं मिसळून मूळ कोणतं ते ओळखायचं. गंमत गुणांच्या पद्धतीत आहे. चित्र सगळ्यांनी ओळखलं तरी सांगणाऱ्याला शून्य, कुणीच नाही ओळखलं तरी शून्य. म्हणजे फार सोपंही बोलायचं नाही आणि फार गूढही नाही. आणि प्रत्येक फेरीत प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं, ताटकळण्याचा प्रश्नच येत नाही.

शुक्रवारी रात्री, एकट्याने

खोका घरच्यांसमोर पहिल्यांदा उघडू नका. नव्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पाट्यांमधून टोकन दाबून सुटी करावी लागतात, पत्त्यांचं प्लास्टिक फाडावं लागतं, यात अर्धा तास सहज जातो. प्रत्येक रंगाच्या सोंगट्या वेगळ्या छोट्या पिशवीत भरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक पिशवी दिली की झालं.

मग पुस्तिका वाचा आणि वाचून झाल्यावर एकट्यानेच दोन माणसांच्या पाळ्या खेळून बघा. वेड्यासारखं वाटतं, पण वाचताना जे समजलंय असं वाटतं ते हाताने करताना कुठे अडतं ते इथेच कळतं. चार-पाच फेऱ्या पुरेत. जिथे अडलात ते पान दुमडून ठेवा. उद्या नेमका तोच प्रश्न कुणीतरी विचारणार.

टेबल

फार काही लागत नाही. दिवा डोक्यावर हवा, पाठीमागे नको, नाहीतर प्रत्येकाची सावली पटावर पडते. गुळगुळीत काचेच्या टेबलावरून पत्ता उचलणं वयस्कर बोटांना अवघड जातं, त्यासाठी खाली जाडसर चादर घाला. फासे एखाद्या डब्याच्या झाकणात टाकायचे, बाहेर पडलेलं दान मोजायचं नाही. एवढ्याने अर्धे वाद मिटतात. खाणं वेगळ्या स्टुलावर.

बसण्याची जागा मात्र विचार करून ठरवा. सगळ्यात लहान खेळाडूला सगळ्यात सोशिक माणसाशेजारी बसवा. नियम सांगणाऱ्याने अशा जागी बसावं की पट त्याला उलटा आणि बाकीच्यांना सुलटा दिसेल.

नियम सांगताना

इथेच बहुतेक डाव बसतात किंवा फसतात. मी आता ठरलेल्या क्रमाने सांगते. आपण कोण आहोत, जिंकतं कोण, पाळी आली की काय करायचं, खेळ संपतो कधी. बाकी सगळं नंतर.

‘टिकट टू राइड’चंच उदाहरण घ्या. मी एवढंच बोलते:

‘आपण रेल्वेमार्ग बांधतोय. शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला. मार्ग बांधला की गुण मिळतात आणि हातातल्या तिकिटावरची दोन शहरं जोडली की आणखी मिळतात. नाही जोडली तर तेवढेच वजा. पाळी आली की तीनपैकी एकच गोष्ट करायची: दोन पत्ते उचला, किंवा एका रंगाचे पत्ते देऊन मार्ग बांधा, किंवा नवी तिकिटं घ्या. प्रत्येकाकडे ४५ डबे आहेत. कुणाकडेही दोन किंवा कमी उरले की सगळ्यांना एकेक शेवटची पाळी.’

संपलं. उघडा असलेला इंजिनाचा पत्ता घेतला तर दुसरा पत्ता मिळत नाही, दोनतीन जण खेळत असतील तर जोडमार्गातला (त्याच दोन शहरांमधल्या शेजारशेजारच्या मार्गांतला) एकच वापरता येतो, असले बारकावे प्रसंग येईल तेव्हा सांगायचे. पट समोर ठेवून, हाताने करून दाखवत सांगितलं तर हे सगळं पाच मिनिटांत होतं.

बारकावे मागे ठेवताना एक पथ्य पाळा. ज्या नियमामुळे कुणाचं नुकसान होणार तो आधीच सांगा. ‘कटान’मध्ये दोन फाशांची बेरीज ७ आली की ज्याच्याकडे सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याला निम्मे टाकून द्यावे लागतात. हा नियम दान पडल्यावर सांगितलात तर समोरचा ‘हे आत्ता सांगतेस होय!’ म्हणणारच, आणि त्याचं बरोबरच असतं. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ सहा वेळा येतो, दुसरी कोणतीच बेरीज इतक्यांदा येत नाही. ६ आणि ८ प्रत्येकी पाच वेळा, २ आणि १२ फक्त एकेकदा. ‘कटान’च्या पटावर मांडलेल्या आकड्यांखालचे ठिपके हेच सांगतात, तेव्हा नवख्याला एवढंच सांगा की जास्त ठिपके असतील तिथे घर बांध.

पहिल्या दोन फेऱ्या पत्ते उघडे ठेवून खेळा आणि चाल परत घ्यायची सगळ्यांना मुभा द्या. दोन फेऱ्यांनंतर हवं तर पुसून नव्याने सुरू करा. बहुतेक वेळा कुणी पुसत नाही, खेळ चालू झालेला असतो.

आठ-दहा जण जमले तर: कागदाचा खेळ

माणसं जास्त झाली की पटाचे खेळ निरुपयोगी होतात, प्रत्येकाची पाळी वीस मिनिटांनी येते. अशा वेळी दोन गट पाडा. ‘कोडनेम्स’ नावाचा खेळ यासाठी मला सगळ्यात आवडतो. व्लादा ख्वातिल यांचा हा खेळ २०१५ चा, दुसऱ्याच वर्षी त्यालाही तो जर्मन पुरस्कार मिळाला. खोक्यातले शब्द इंग्रजी असतात, पण त्याचं आपल्याला काय! कागदावर घरच्या घरी मराठीतून करून पाहा, जास्त रंगतो.

पंचवीस चिठ्ठ्यांवर पंचवीस शब्द लिहा आणि पाच ओळी, पाच रांगा अशा मांडा. शब्द शक्यतो अनेक अर्थांचे घ्या. मराठीत त्यांची चंगळ आहे: पान, हार, वार, कर, मान, पाठ, चाल, तळ, घडी, वर. दुसऱ्या एका कागदावर तशीच पाच बाय पाच चौकट आखा आणि त्यात गुपचूप ठरवा, कोणते ९ शब्द पहिल्या गटाचे, कोणते ८ दुसऱ्याचे, ७ कुणाचेच नाहीत आणि १ घातकी. हा कागद प्रत्येक गटाचा एकेक म्होरक्या पाहतो, बाकी कुणी नाही. दोघं म्होरके टेबलाच्या एकाच बाजूला बसतात.

म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा. समजा मी म्हणाले, ‘लढाई, तीन’. माझ्या मनात आहेत वार, हार आणि तळ. माझे भिडू ‘वार’वर बोट ठेवतात, बरोबर. ‘हार’, बरोबर. मग एक जण उत्साहाने म्हणतो, ‘चाल! चाल करून जातात ना शत्रूवर!’ आणि ‘चाल’ नेमकी समोरच्या गटाची निघते. आमची पाळी तिथेच संपली, वर त्यांचा एक शब्द फुकट उघडला. घातकी शब्दावर बोट गेलं तर गट तिथल्या तिथे हरला. चुकले नाहीत तर भिडूंना बोललेल्या आकड्यापेक्षा एक शब्द जास्त ओळखायची मुभा असते, मागच्या फेरीत राहून गेलेल्यासाठी. आपले सगळे शब्द आधी उघडणारा गट जिंकला. म्होरक्याने चेहरा दगडासारखा ठेवायचा, हे सगळ्यात अवघड. माझी मावशी चूक ऐकली की श्वास रोखते, आम्ही तिच्या श्वासावरच जिंकायचो.

म्होरके विचार करत बसले की बाकीचे ताटकळतात, त्यावर उपाय म्हणजे एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर.

जुन्या खेळांची डागडुजी

घरात नवा खेळ नसेल तरी बिघडत नाही. ल्युडो, साप-शिडी, मोनोपॉली कुठल्यातरी कपाटात असतातच. फक्त त्यांतलं ताटकळणं काढून टाका.

ल्युडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही. पहिल्या दहा पाळ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. चार जण खेळत असतील तर जवळपास निम्म्या डावांत कुणी ना कुणी दहा पाळ्या नुसताच फासा टाकत बसणार. आणि ते बहुधा घरातलं सगळ्यात लहान असतं, निदान आमच्याकडे तरी. तेव्हा प्रत्येकाची एक सोंगटी सुरुवातीलाच बाहेर ठेवा. डाव लवकर संपतो आणि रडारड वाचते.

मोनोपॉलीचं दुखणं वेगळं. तो संपतच नाही, आणि बराच दोष आपणच घातलेल्या नियमांचा. दंडाचे पैसे पटाच्या मधोमध ठेवायचे आणि ‘फ्री पार्किंग’वर येणाऱ्याने ते उचलायचे, हा नियम पुस्तिकेत नाहीच. दंड बँकेत जातो आणि त्या चौकोनावर काहीही मिळत नाही. पैसा खेळात परत परत आला की दिवाळं कुणाचंच निघत नाही. याउलट जो नियम पुस्तिकेत आहे तो फार घरांत पाळत नाहीत: आलेल्या माणसाने जागा घेतली नाही तर तिचा लगेच लिलाव करायचा. यामुळे जागा भराभर विकल्या जातात आणि दुसऱ्याच्या पाळीतही सगळ्यांना काम राहतं. एवढं करूनही दीड तासाचा गजर लावाच. गजर झाला की ज्याची मालमत्ता जास्त तो जिंकला.

साप-शिडीत निर्णय असा काही घ्यायचाच नसतो, त्यामुळे चार वर्षांचं पोर आणि आजोबा त्यात बरोबरीचे. मोठ्यांना कंटाळा येतो, तो त्यांनी सोसावा.

डाव चालू असताना

फार विचार करणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला ‘लवकर खेळ’ म्हणू नका, तो आणखी अडतो. ‘कारकासोन’मध्ये फरशी पाळी सुरू झाल्यावर उचलायची असते. ती पाळी संपतानाच उचलून ठेवायची मुभा द्या, म्हणजे इतर खेळत असताना त्याचा विचार होऊन जातो. पत्त्यांच्या खेळातही हीच युक्ती: पुढचा पत्ता आपली पाळी संपली की घ्यायचा.

दुसरा त्रास सगळ्यांचं आपणच खेळणाऱ्याचा. सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध जिंकायचं अशा खेळांत हा हमखास डोकं वर काढतो. ‘पँडेमिक’ असा खेळ आहे, चार रोगांच्या साथी आवरायच्या, जिंकलो तर सगळे आणि हरलो तर सगळे. ऐकायला गोड. पण प्रत्यक्षात एक हुशार माणूस ‘तू इथे जा, तू तो पत्ता दे’ करत सुटतो आणि बाकीचे त्याच्या हातापायांसारखे हलतात. नियम करा: ज्याची पाळी आहे तो आधी बोलणार, सल्ला त्याने मागितला तरच. तरीही ऐकत नसेल तर ‘हनाबी’ आणा. त्यात पत्ते उलटे धरायचे असतात, आपले पत्ते सोडून सगळ्यांचे दिसतात. हुकूम सोडणाराही स्वतःच्या पत्त्यांबाबत आंधळा असतो. (हा हुकूम सोडणारा आमच्या घरी मीच होते, हे कबूल करायला वेळ लागला.)

पाच वर्षांच्या आतलं मूल ‘मलाही खेळायचंय’ म्हणत आलं की त्याला सरळ लिंबूटिंबू करा, पण खरं काम देऊन. फासे टाकणं, पत्ते वाटणं, गुणांची सोंगटी पुढे सरकवणं. नुसतं मांडीवर बसवलेलं मूल दहाव्या मिनिटाला पट उधळतं, फासे त्याच्या ताब्यात असतील तर तासभर टिकतं.

मुलांना मुद्दाम जिंकू द्यावं का? मी देत नाही. त्यांना ते लगेच कळतं आणि मग खरं जिंकल्यावरही शंका येते. त्यापेक्षा सुरुवातीलाच उघडपणे सूट द्या, दहा गुण आगाऊ किंवा एक पत्ता जास्त, आणि मग मन लावून खेळा. पत्ते पालथे मांडून जोड्या शोधायच्या खेळात मात्र ही सूट तुम्हालाच मागावी लागेल.

कुणी रडकुंडीला आलं, मूल असो वा काका, तर तिथल्या तिथे समजूत काढत बसू नका. पुढची पाळी खेळा. रुसलेला माणूस दोन पाळ्यांत परत येतो, सगळे त्याच्याकडे बघत थांबले तर येत नाही. नियमावरून वाद झाला आणि पुस्तिकेत मिनिटभरात सापडलं नाही, तर फासा टाकून त्या डावापुरता निकाल लावा आणि खरं काय ते रात्री शोधा.

शनिवारी थांबा, रविवारी तोच खेळ

तासाभराचा डाव संपला, सगळे ‘आणखी एक’ म्हणताहेत. इथे थांबा. दुसरा डाव उशिरापर्यंत लांबतो, निम्मे पेंगतात आणि लक्षात तेवढंच राहतं. ‘उद्या अकराला’ असं ठरवून उठा.

रविवारी नवा खोका काढू नका. नवे खेळ जमवणाऱ्यांना हा मोह फार होतो, मलाही होतो. पण पहिला डाव नियम शिकण्यात जातो, खेळ कळतो दुसऱ्या डावात. आता पुस्तिका लागत नाही, पाळ्या भराभर होतात, एकमेकांच्या वाटा अडवण्याचे बेत सुरू होतात. काल आलेला नसेल असा कुणी रविवारी आला, तर त्याला नियम तुम्ही सांगू नका. काल शिकलेल्या सगळ्यात लहान खेळाडूला सांगू द्या. तो एकदोन गोष्टी विसरेल, त्या मागाहून भरता येतील. आमच्या भाच्याने ‘टिकट टू राइड’ तीन वाक्यांत सांगितला होता आणि ऐकणाऱ्याला माझ्यापेक्षा लवकर समजला.

आवरताना ज्याच्या त्याच्या रंगाची पिशवी ज्याने त्याने भरावी. झाकण लावण्याआधी सोंगट्या मोजून घ्या. एखादी सोफ्याखाली गेलेली असते, आणि ती त्याच दिवशी शोधली तरच सापडते.